नदीकाठची मासेमारी व रानातील मत्स्यपाक (बुलढाणा जिल्हा)

नदी, नाले व ओढे यांत नैसर्गिक रीत्या वाढलेले मासे साध्या साधनांनी पकडून ते काठावरच, उघड्यावर, परिसरातील पाने, आंबट फळे, रानभाज्या व इंधन यांच्या साहाय्याने शिजविण्याची रीत. महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत ती कमीअधिक प्रमाणात आढळते. बुलढाणा जिल्ह्यात सुपीक नदीखोरे, डोंगरपठार व सातपुड्याचे वन हे तीन भूप्रदेश एकमेकांस लागून असल्याने तिचे निरनिराळे प्रकार एकत्र पाहावयास मिळतात. ही रीत वरवर सोपी दिसली, तरी पाण्याचा ऋतुमानाप्रमाणे बदलणारा स्वभाव, माशांच्या सवयी आणि वनस्पतींचे गुणदोष यांचे ज्ञान तिच्या मुळाशी असते. या ज्ञानात चूक झाल्यास विषबाधा संभवते. आणि त्यातील संयम सुटल्यास नदीतील मासेच नाहीसे होतात.

भौगोलिक पार्श्वभूमी : बुलढाणा हा विदर्भाच्या पश्चिम टोकाचा जिल्हा. त्याचे क्षेत्रफळ सु. ९,६६० चौ. किमी. आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगांमुळे त्याचे दोन स्वाभाविक भाग पडतात. दक्षिणेकडील पठारी भागास जुन्या वऱ्हाडच्या इतिहासात बालाघाट आणि उत्तरेकडील पूर्णेच्या खोऱ्यास पयानघाट म्हणत. लोकव्यवहारात आजही ‘घाटावर’ व ‘घाटाखाली’ हे शब्द रूढ आहेत. हीच रांग जिल्ह्यातील प्रमुख जलविभाजक होय. घाटाखालचे पाणी नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा, मन, वाण इ. नद्यांवाटे पूर्णेस व पुढे तापीतून अरबी समुद्रास मिळते. घाटावरील पैनगंगा व खडकपूर्णा या नद्यांचे पाणी मात्र गोदावरीच्या खोऱ्यातून बंगालच्या उपसागरास जाते. पैनगंगेचा उगम याच जिल्ह्यात असून ती मेहकरवरून वाहत जाते.

जिल्ह्यातील पर्जन्य मुख्यतः जून ते सप्टेंबर या काळात पडतो. दख्खनच्या काळ्या पाषाणात पाणी फारसे मुरत नाही. त्यामुळे पावसाळ्यात दुथडी भरून वाहणाऱ्या नद्या हिवाळ्याच्या अखेरीस तुटक डोहांच्या रूपाने उरतात. उन्हाळ्यात मासे या डोहांच्या आश्रयाने जगतात आणि पहिल्या पुराबरोबर पुन्हा सर्व पात्रभर पसरतात. म्हणून डोह म्हणजे नदीचे बियाण्याचे कोठारच होय. तो एकदा रिकामा केला, तर पुढील वर्षी वर चढण्यास मासा उरत नाही. याच जिल्ह्यातील लोणारच्या सरोवरात पाणी बारमाही असूनही मासे नाहीत. कारण ते पाणी खारे व तीव्र अल्कधर्मी आहे. केवळ पाणी असणे माशांना पुरेसे नसते, ते पाणी त्यांच्या देहधर्मास मानवणारे असावे लागते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

मासे : या नद्यांतील माशांचे त्यांच्या राहणीनुसार स्थूलमानाने चार गट पाडता येतात. (१) वाहत्या पाण्यातील खडकांना चिकटून राहणारे : यांत मळ्या हा लहान मासा प्रमुख होय. त्याच्या तोंडाखाली चकतीसारखा अवयव असून त्याच्या साहाय्याने तो दगडास धरून राहतो व दगडावरील शेवाळ खरवडून खातो. (२) तळाशी राहणारे बिनखवल्यांचे, मिशाळ मासे : शिंगटा व शिंगाळा हे या गटातील होत. त्यांच्या पाठीवरील व छातीजवळील परांना करवतीसारखे कठीण काटे असतात. (३) हवेत श्वसन करू शकणारे : मरळ, मागूर व शिंगी. कल्ल्यांखेरीज हवेतील ऑक्सिजन घेणारे साहाय्यक अवयव असल्याने ते आटत्या, गढूळ डबक्यातही तग धरतात. शिंगीच्या छातीजवळील काट्यात विष असते व त्याच्या दंशाने असह्य वेदना होतात. (४) काठाजवळ थव्याने फिरणारे बोटभर लांबीचे खवलेदार मासे. यांखेरीज खडकांच्या कपारीत व चिखलात दिवसा दडून राहणारी, सापासारखी लांबट वाम, तसेच झिंगे व खेकडे हेही काठावरच्या स्वयंपाकात येतात.

दख्खनच्या माशांची लोकनामे शास्त्रात कशी गेली, ही हकिकत लक्षात ठेवण्यासारखी आहे. कर्नल विल्यम हेन्‍री साइक्स या अधिकाऱ्याने दख्खनमधील माशांचे वर्णन १८३९ मध्ये प्रसिद्ध केले. त्या वेळी त्याने अनेक जातींना मच्छीमारांच्या तोंडची नावेच दिली. त्यामुळे मळ्याचे शास्त्रीय नाव गारा मुल्या, शिंगटीचे मिस्टस सींगटी, तर दख्खनच्या महसीराचे टॉर खुद्री असे झाले. नावे देणाऱ्या मच्छीमारांची स्वतःची नावे मात्र कोठेही नोंदली गेली नाहीत.

मासेमारी करणारे समाज : पूर्णेच्या व पैनगंगेच्या काठी भोई समाजाचा हा परंपरागत व्यवसाय होय. उतारू व माल नदीपार नेणे, पाणी भरणे, नदीच्या वाळवंटात खरबुजे-टरबुजे लावणे ही कामेही भोई करीत. धरणे झाल्यानंतर जलाशयांतील मासेमारी बहुतांशी मच्छीमारांच्या सहकारी संस्थांकडे आली. उत्तरेस जळगाव (जामोद) व संग्रामपूर या तालुक्यांतील सातपुड्याच्या पायथ्याशी कोरकू, भिलाला, निहाल इ. आदिवासी जमातींची वस्ती आहे. त्यांची मासेमारी विक्रीपेक्षा घरच्या कालवणासाठी असते. निहालांच्या निहाली भाषेचा कोणत्याही ज्ञात भाषाकुलाशी निश्चित संबंध अद्याप जोडता आलेला नाही. ती बोलणाऱ्यांची संख्या फार थोडी आहे. झाडे, मासे व ओढे यांविषयीचे पिढीजात ज्ञान भाषेतील शब्दांत साठविलेले असते. म्हणून अशी भाषा लोपल्यास तिच्याबरोबर त्या ज्ञानाचाही बराचसा भाग लोपतो.

शेतकरी व शेतमजूर हेही हौसेने किंवा गरजेपोटी मासे पकडतात. पेरणी आटोपल्यावर कामाचा खंड पडतो, घरातील धान्य संपत आलेले असते आणि डाळी महाग झालेल्या असतात. अशा वेळी ओढ्यातील मूठभर मासे हे घरातील प्रथिनांचे स्वस्त साधन ठरते. लहान मासे काट्यांसकट खाल्ले जात असल्याने त्यांतून चुनाही (कॅल्शियम) चांगला मिळतो.

मासे पकडण्याच्या पद्धती : ऋतूप्रमाणे पद्धती बदलतात. पावसाळ्याच्या आरंभी मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध वर चढतात. त्यांना चढणीचे मासे म्हणतात. ओढ्याच्या अरुंद जागी दगडांचा बांध घालून मधल्या वाटेत बांबूच्या कामट्यांचा शंकूच्या आकाराचा सापळा बसवितात. त्याच्या तोंडाशी आत वळलेल्या कामट्या असल्याने मासा आत शिरतो, पण त्यास बाहेर पडता येत नाही. पावसाळा ओसरल्यावर, पाणी निवळले की फेकजाळे व गळ यांचा उपयोग होतो. गळाला गांडूळ, झिंगा किंवा कणकेची गोळी लावतात. मरळीसाठी जिवंत लहान मासा किंवा बेडकी लावण्याची रीत आहे. एका लांब दोरीस अनेक गळ बांधून ती रात्रभर पाण्यात सोडली म्हणजे तळाशी फिरणारे निशाचर मासे सापडतात. या साधनास दावण म्हणतात. उन्हाळ्यात डबक्याचे पाणी उपसून किंवा कपारीत हात घालून, चाचपून मासे धरतात. जुने लुगडे दोघांनी दोन्ही टोकांनी धरून उथळ पाण्यातून ओढणे, हा मुलांचा व स्त्रियांचा आवडता प्रकार होय.

विषारी वनस्पतींचा उपयोग ही भारतातील अनेक जमातींत आढळणारी जुनी पद्धत आहे. गेळफळ, हिंगणबेट इत्यादींची फळे किंवा साल ठेचून साचलेल्या पाण्यात कालवितात. त्यांतील सॅपोनिन नावाची फेस येणारी द्रव्ये माशांच्या कल्ल्यांतील नाजूक पेशींना इजा करतात. त्यामुळे मासे गुदमरून पृष्ठभागी येतात. मनुष्याच्या आतड्यातून ही द्रव्ये फारशी शोषली जात नसल्याने असे मासे शिजवून खाण्यात येत. तथापि या उपायाने पिलांसकट सर्व जलचर मरतात. भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियम, १८९७ या कायद्याने पाण्यात विष किंवा स्फोटके टाकून मासे मारणे हा गुन्हा ठरविला आहे. अलीकडे वनस्पतींऐवजी कपाशीवरील कीटकनाशके, विरंजक चूर्ण किंवा विजेच्या तारा वापरण्याचे प्रकार घडतात. कीटकनाशकाने मेलेला मासा शिजविल्याने निर्विष होत नाही, आणि विजेच्या तारेने मासे धरणारा स्वतःच प्राणास मुकण्याचा संभव असतो. पाण्यावर मरून तरंगणारा मासा, तो कितीही ताजा दिसला तरी, खाऊ नये.

मासा साफ करणे : बुळबुळीत माशास राख चोळली म्हणजे हातातून निसटत नाही व त्याच्या अंगावरील चिकट द्रव निघून जातो. शिंगटा, शिंगी यांचे काटे प्रथम मोडून टाकतात. शिंगीचा काटा लागल्यास तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवल्याने वेदना कमी होतात. पोट चिरताना हिरवट रंगाची पित्ताची पिशवी न फोडता काढून टाकणे अत्यंत महत्त्वाचे असते. ती फुटल्यास मांस कडू होते. शिवाय रोहू, कटला व त्यांच्या वर्गातील माशांचे पित्त विषारी असते. औषधी समजून ते कच्चे गिळल्याने वृक्क (मूत्रपिंड) निकामी झाल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेली आहेत.

चूल व इंधन : नदीकाठी तीन दगडांची चूल मांडतात. त्यासाठी दगड निवडताना काळजी घ्यावी लागते. येथील काळ्या पाषाणाचे काही थर सच्छिद्र असून पाण्यातल्या दगडाच्या छिद्रांत पाणी साठलेले असते. आचेने त्याची वाफ होऊन दगड फुटतो व कपच्या उडून डोळ्यांस इजा होऊ शकते. म्हणून पुराच्या रेषेच्या वरचे, उन्हात तापलेले कोरडे व घट्ट दगड घ्यावेत. जाळण्यासाठी पऱ्हाट्या, तुऱ्हाट्या, पुराबरोबर वाहून आलेली लाकडे व गोवऱ्या वापरतात. पऱ्हाटीचा जाळ भडक पण अल्पजीवी असतो. गोवरीची आच मंद व टिकाऊ असल्याने भाजण्यास तीच उत्तम. वऱ्हाडात शेतात किंवा देवस्थानी गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजून वरण व वांग्याच्या भाजीबरोबर खाण्याची प्रथा प्रसिद्ध आहे. माशांचा पाकही याच आराच्या तंत्रावर आधारलेला आहे.

पाककृती : (१) पानात भाजणे. साफ केलेल्या माशास मीठ, तिखट व ठेचलेला लसूण चोळून तो पळसाच्या पानांच्या दोनतीन थरांत गुंडाळतात, वरून वेलीने किंवा सालीने बांधतात व गोवरीच्या गरम राखेत पुरतात. पानातील ओलाव्याची वाफ होऊन मासा आपल्याच रसात शिजतो. वीतभर माशास सु. २० मिनिटे पुरतात. माघ-फाल्गुनात पळस फुलतो तेव्हा तो बहुधा पर्णहीन असतो. अशा वेळी वडाची किंवा केळीची पाने घेतात.

(२) मातीत भाजणे. पानात गुंडाळलेल्या माशावर बोटभर जाडीचा मातीचा लेप देऊन तो आरात ठेवतात. कपाशीची काळी माती वाळताना आकसते व तिला भेगा पडतात. त्यामुळे ती एकटी न वापरता नदीतील गाळ व बारीक चिरलेले गवत तिच्यात मिसळावे लागते. लेप पक्का भाजल्यावर फोडला की खवले व साल मातीबरोबर निघून येतात.

(३) काडीवर भाजणे. मरळ व वाम यांचे तुकडे बांबूच्या कामटीस टोचून निखाऱ्यावर धरतात. येथे एक चूक प्राणघातक ठरू शकते. नदीनाल्यांच्या काठी कण्हेर सहज आढळते. तिच्या सरळ, लवचिक फांद्या भाजणीच्या काडीसाठी सोयीच्या दिसतात. परंतु तिच्या सर्व भागांत हृदयाच्या क्रियेवर परिणाम करणारे विष असते. शेर, रुई यांच्या चिकाळ काड्याही वर्ज्य समजाव्यात. या झाडांचे लाकूड इंधन म्हणूनही वापरू नये.

(४) आंबट कालवण. लहान मासे व झिंगे यांचे कालवण मातीच्या किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात करतात. करडईच्या किंवा जवसाच्या तेलात लसूण व मिरची परतून मासे घालतात, आंबट घालून पाणी ओततात व थोडे ज्वारीचे पीठ लावून दाटपणा आणतात. कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात आंबट पदार्थ कळकतो, म्हणून ते टाळतात. सातपुड्याच्या भागात मोहाच्या बियांचे तेलही वापरण्यात येते. सोबत ज्वारीची किंवा कळण्याची भाकरी असते.

रानातील घटकद्रव्ये : आंबटपणासाठी चिंच सर्वत्र मिळते. वसंत ऋतूत तिचा कोवळा पाला, उन्हाळ्यात कैरी, पावसाळ्यात अंबाडीची पाने आणि हिवाळ्यात कवठाचा गर व आवळा वापरता येतो. आंबटाचे महत्त्व केवळ रुचीपुरते नाही. गोड्या पाण्यातील माशास येणारा चिखलकट वास मुख्यतः जिओस्मिन या संयुगाचा असतो. पाण्यातील नील-हरित शैवले व काही सूक्ष्मजंतू ते निर्माण करतात. पावसाच्या पहिल्या सरीनंतर मातीला येणारा गंधही त्याचाच होय. अम्लाच्या संयोगाने या संयुगाचे रूपांतर वासहीन द्रव्यात होते. म्हणून चिंच घातलेल्या कालवणास चिखलाचा वास येत नाही. तसेच आंबटात मंद आचेवर शिजविल्याने बारीक काटेही मऊ पडतात. माशास चिंचेची जोड देण्याची रीत जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील मानसोल्लास या संस्कृत ग्रंथात गळाने मासे धरण्याचे सविस्तर वर्णन असून मत्स्यपाकात चिंचेचा उल्लेख आहे.

भाज्यांपैकी घोळ, चिवळ, तरोटा यांची कोवळी पाने माशांबरोबर शिजवितात. रानअळूत कॅल्शियम ऑक्झॅलेटाचे सुईसारखे स्फटिक असल्याने घसा खाजतो. ते आंबट घालून पुष्कळ वेळ शिजवावे लागते. कांद्यासारखा दिसणारा कोळकांदा मात्र विषारी आहे. कांद्याचा उग्र वास त्यास नसतो, ही त्याची ओळख होय. पावसाळ्यात उगवणाऱ्या अपरिचित अळंब्या कधीही वापरू नयेत. जाणकार स्त्रिया वनस्पतीची ओळख केवळ पानावरून पटवीत नाहीत. पान, वास, चीक, उगवण्याची जागा व ऋतू या सर्वांचा मेळ बसल्यावाचून त्या ती खुडत नाहीत. नवख्याने हा नियम अवश्य पाळावा.

आरोग्यदृष्ट्या मासा आतपर्यंत शिजणे आवश्यक आहे. गोड्या पाण्यातील माशांत परजीवी कृमींच्या अवस्था असू शकतात. त्या पुरेशा उष्णतेने नष्ट होतात. नुसत्या आंबटात मुरविल्याने नष्ट होतीलच असे नाही. मांस अपारदर्शक होऊन काट्यापासून सहज सुटले म्हणजे मासा शिजला असे समजावे.

सद्यःस्थिती : गेल्या काही दशकांत या रीतीचा पायाच आक्रसला आहे. धरणे व बंधारे यांमुळे चढणीच्या माशांचा मार्ग अडतो. वाळूच्या उपशाने अंडी घालण्याच्या जागा व डोह नष्ट होतात. शेतातून वाहून येणारी रसायने व गावांचे सांडपाणी यांमुळे उरलेले पाणीही दूषित होते. जलाशयांत रोहू, कटला, मृगळ यांचे बीज सोडून उत्पादन वाढविण्यात येते. संप्रेरकाच्या अंतःक्षेपणाने कार्प माशांचे प्रजनन घडवून आणण्यात भारतीय शास्त्रज्ञांना १९५७ मध्ये यश आले व त्यामुळे असे बीज मिळणे सुलभ झाले. या मत्स्यशेतीने अनेक मच्छीमार कुटुंबांस आधार दिला. मात्र ती नदीतील मूळच्या मळ्या, शिंगटी किंवा वाम यांची जागा भरून काढू शकत नाही. तिलापिया व आफ्रिकी मागूर या परकी जाती नैसर्गिक पाण्यात शिरल्याने स्थानिक माशांवर ताण पडतो.

ज्ञानगंगा, अंबाबरवा इ. अभयारण्यांत परवानगीशिवाय मासेमारी करता येत नाही, आणि जलाशयांत ती ठेक्याने दिलेली असते. त्यामुळे ज्यांच्याकडे ठेका नाही व जाळेही नाही, अशा भूमिहीन कुटुंबांस गावचा ओढा एवढेच मोकळे पाणी उरते. त्याचे रक्षण सर्वस्वी काठावरच्या लोकांच्या संयमावर अवलंबून असते. आषाढ-श्रावणात अंड्यांनी भरलेला मासा सोडून देणे, जाळ्याची आसे मोठी ठेवणे, प्रत्येक ओढ्यातील निदान एक डोह न उपसता राखणे हे नियम कोणत्याही खर्चाविना पाळता येतात. मरळीची तांबूस पिले पृष्ठभागी थव्याने फिरत असता नर-मादी त्यांची राखण करतात. अशा वेळी मोठी मरळ धरणे सोपे असते, परंतु तिच्यामागे तो सर्व थवा इतर माशांच्या भक्ष्यस्थानी पडतो. जुने जाणकार थवा दिसताच गळ आवरता घेतात. पाण्यात पुढील वर्षीही मासा असावा, यासाठी हा एवढा विवेक पुरेसा ठरतो.